परत द्यायचा रस्ता

कोळसा खाणीतल्या रस्त्याला कोनशिला नसते. आज जिथून डंपर धावतात, तिथे चार-सहा वर्षांनी एक तर खोल खड्डा असतो, नाही तर दगडमातीचा डोंगर. चंद्रपूर-यवतमाळच्या वर्धा खोऱ्यातल्या उघड्या खाणींवर सिव्हिलचा माणूस म्हणून माझं नोकरीचं आयुष्य गेलं. त्यातला मोठा भाग असले रस्ते करण्यात, त्यांच्यावरचं पाणी काढून देण्यात आणि शेवटी ते मोडण्यात गेला. नागपूरचे नातेवाईक विचारत, "तुम्ही बांधलेला रस्ता कोणता?" दाखवायला माझ्याकडे एकही नव्हता, आणि त्याचं मला वाईटही वाटत नसे. खाणीतला रस्ता उसनवारीच्या जमिनीवर उभा असतो. तो नीट मोडून जमीन परत देता आली, तरच तो नीट बांधला होता असं मी म्हणतो. नोकरीला लागलो तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजच्या पुस्तकात रस्ता बांधण्याचा धडा होता, मोडण्याचा नव्हता.

वणी, घुग्गुस, माजरी, राजुरा, बल्लारपूर हा सगळा वर्धा, पैनगंगा आणि इरई या नद्यांच्या काठचा मुलूख. वर कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारी काळी माती. तिच्याखाली पिवळी चिकण माती आणि मुरूम, मग कामठीचा तांबूस-पिवळा वाळूखडक, आणि त्याखाली बराकर थरांतला कोळसा. हा थर कितीतरी ठिकाणी पंधरा मीटरहून जाड आहे. वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकातच सरकारी खाण होती, पण त्या काळच्या खाणी जमिनीखालच्या. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, मोठी यंत्रं आली, आणि खोरं हळूहळू उघड्या खाणींचं झालं. जमिनीखालच्या खाणीत कोळसा टबांतून आणि पट्ट्यावरून वर येतो. उघड्या खाणीत तो चाकांवर येतो, आणि त्याच्याही आधी त्याच्या डोक्यावरचा दगड चाकांवर येतो. एका टन कोळशामागे चार-पाच घनमीटर, कुठे त्याहूनही जास्त दगडमाती उचलावी लागते. तिला साहेबापासून हेल्परपर्यंत सगळे 'ओबी'च म्हणतात. ही ओबी हलवण्यावरच खाणीचा बहुतेक खर्च होतो, आणि ती हलते रस्त्यावरून.

खाणीत रस्ते तीन तऱ्हेचे. पहिला खाणीच्या तोंडापासून कोळसा साठवण्याच्या जागेपर्यंत किंवा रेल्वे सायडिंगपर्यंत जाणारा, आठ-दहा वर्षं टिकायला हवा असा. दुसरा बेंचवरून बेंचवर, म्हणजे खाणीच्या एका पायरीवरून दुसरीवर, उतरणारा चढ. दगड आणि कोळसा उचलणारं शॉवेल पुढे सरकलं की महिन्या-दोन महिन्यांत तोही सरकतो. तिसरा ओबीच्या ढिगावर चढणारा. शिवाय माणसांच्या जीप, डिझेलचा बाऊजर, बारूदगाडी यांच्यासाठी वेगळी वाट असावी लागते. साठ टनी डंपरच्या ड्रायव्हरला त्याच्या उजव्या अंगाला उभी असलेली जीप दिसतच नाही, हे एकदा त्याच्या केबिनमध्ये बसून पाहिलं की वेगळ्या वाटेचा खर्च कोणालाही पटतो.

आखणी झाली की पहिलं काम काळी माती काढण्याचं. नव्या पोरांना ही वेळेची नासाडी वाटते. एप्रिलमध्ये ती माती इतकी कडक असते की रिकामा डंपर तिच्यावरून सहज जातो. पण हीच माती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसून भेगाळते. भिजल्यावर तिच्यात भार पेलण्याची ताकद जवळजवळ उरतच नाही. तिच्यावर टाकलेला दगड दोन पावसांत खाली बसतो आणि चिखल वर येतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत ती खरवडायची. हे झालं रस्त्याच्या बाजूचं कारण.

दुसरं कारण शेवटाशी बांधलेलं आहे. रस्ता मोडायच्या दिवशी वर पसरायला हीच माती लागते. ती दुसरीकडून विकत आणता येत नाही. ओबीच्या गाडीत भरून एकदा ढिगावर गेली की ती वाळूखडकाच्या पोटात गडप होते. म्हणून तिचा ढीग वेगळा करायचा, उंच नाही, फार तर माणसाच्या दुप्पट. उंच ढिगात खालची माती दबते, तिच्यात हवा राहत नाही, आणि तिच्यातलं जिवंत ते सगळं मरतं. ढिगावर गवत नाही तर बोरू पेरायचा आणि भोवती चर काढायचा. मी एक गोष्ट आणखी करत असे: ढिगाशी लोखंडी पाटी ठोकून त्यावर माती कोणत्या गटातली, किती, कोणत्या साली काढली ते लिहायचं. पाटी नसलेला ढीग म्हणजे शेजारच्या कामावरच्या डोझरवाल्याला फुकटचं भरण. पावसाळ्याच्या तोंडावर बांध घालायला माती कमी पडली की त्याची नजर पहिली तिकडे जाते.

खाणीतल्या गाड्यांच्या वजनाची कल्पना बाहेरच्या माणसाला यायची नाही. साठ टनी डंपर भरला की गाडी आणि माल मिळून शंभर टनांच्या आसपास जातो. त्यातला दोन तृतीयांश भार मागच्या चार टायरांवर, म्हणजे एकेका टायरवर सोळा-सतरा टन. महामार्गावरच्या ट्रकच्या मागच्या चार टायरांच्या अख्ख्या एका आसाला कायद्यानं साडेअकरा टनांची मर्यादा आहे. आमच्याकडे एक टायर त्याहून जास्त ओझं घेऊन दिवसरात्र त्याच रेघेवरून फिरतो. या वजनाला डांबर टिकत नाही. इथे चालतो तो खाणीतलाच निवडक दगड. खाली मोठे वाळूखडकाचे धोंडे, त्यांच्या फटी भरायला बारीक दगड, वर मुरूम आणि गिट्टी, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. रोलर हलला की रिकामे डंपर मुद्दाम काठाकाठानं फिरवायचे, म्हणजे मधलाच पट्टा दबून दोन नाल्या तयार होत नाहीत.

दगड निवडताना काळा शेल टाळायचा. तो शॉवेलच्या तोंडाशी पाट्यापाट्यांनी सुटतो, जवळ असतो, फुकट असतो आणि उन्हाळ्यात छान बसतो. पहिल्या दोन पावसांत त्याचा काळा लगदा होतो. त्यात कोळशाचा अंश असेल तर उन्हाळ्यात तो आतून तापून धुमसायलाही लागतो. गाडीतून सांडलेला कोळसाही असाच. वर्षानुवर्षं रस्त्याच्या काठाला तो साचत जातो, मुरमाखाली दबतो, आणि रस्ता मोडायच्या वेळी कुदळ मारली की धूर निघतो. म्हणून सांडलेला कोळसा त्याच पाळीत उचलायचा, असा आमचा आग्रह असे. तो पाळला जाई तेव्हा शेवटच्या कामाचं ओझं निम्मं होई.

चढ आम्ही साधारण सोळाला एक धरत असू, म्हणजे सोळा मीटर चालल्यावर एक मीटर उंची. दुहेरी वाहतूक असेल तर रुंदी सर्वांत मोठ्या गाडीच्या किमान तिप्पट. वळणावर पुढची गाडी दिसली पाहिजे. भरावाच्या काठाला मीटरभर तरी उंचीचा बांध हवा, त्याला खाणीत बर्म म्हणतात. हे सगळं कोळसा खाण विनियमांत आणि धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या परवानगीपत्रांत लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसतं ते असं की हे नियम रस्ता कोरडा आहे असं धरून चालतात. टायर मऊ पृष्ठभागात रुतला की डंपरला जणू आणखी चढ चढावा लागतो. ढोबळ हिशेब असा: एक सेंटिमीटर रुतला तर चढात पाऊण टक्क्याहून थोडी कमी भर. पाच सेंटिमीटर चिखल म्हणजे तीन टक्क्यांचा जादा चढ. सोळाला एक म्हणजे मुळात सव्वासहा टक्के. त्यात तीन वाढले की डंपर गिअर उतरवतो, इंजिन तापतं, फेरी लांबते, डिझेल जळतं, टायर कापला जातो. डिझेलचं बिल पाहून वरिष्ठ ड्रायव्हरला विचारतात. त्यांनी आधी नाली पाहावी.

या कामाचा गाभा पाण्यात आहे. रस्ता म्हणजे खाणीच्या अंगावर ओढलेली उताराची रेघ, आणि उताराची रेघ दिसली की पाणी तीच धरतं. पावसाळ्यात खाली उतरणारा प्रत्येक चढ हा ओढा होऊ पाहतो. त्याला ओढा होऊ द्यायचं नसेल तर तीन गोष्टी कराव्या लागतात: बाहेरचं पाणी चढाच्या तोंडाशी येऊच द्यायचं नाही, रस्त्यावर पडलेलं पाणी लगेच कडेला घालवायचं, आणि कडेला गेलेलं पाणी तिथून पुढे कुठे जातं ते स्वतः चालत जाऊन पाहायचं. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक ठिकाणी होतात. तिसरी क्वचित.

बाहेरच्या पाण्यासाठी खाणीभोवती मोठा चर असतो, त्याला गारलँड ड्रेन म्हणतात. तो नकाशावर निळ्या रेघेनं काढायला सोपा. जागेवर मात्र तो एखादा जुना नाला तोडून जातो. एका खाणीचा बाह्य रस्ता आखताना आम्ही शिवारात फिरत होतो. सोबत तिथला एक म्हातारा शेतकरी आला. त्याची जमीन संपादनात गेलेली. मला एक कोरडी खोलगट पट्टी दाखवून म्हणाला, "साहेब, रस्ता कोठूनही न्या, पन हा नाला बुजवू नका. दिसाले कोरडा दिसते, मिरगात पाहा मंग." समपातळी नकाशात तो नाला ओळखू येत नव्हता. आम्ही तिथे सिमेंटच्या मोठ्या नळ्यांची मोरी टाकली, वर भरपूर भराव दिला, कारण शंभर टन थेट नळ्यावर आले तर नळा फुटतो. जुलैत त्या मोरीतून पाणी काठोकाठ भरून वाहिलं. त्यानंतर कुठलीही आखणी करताना आधी गावातला एखादा म्हातारा माणूस शोधायचा, हा मी माझ्यापुरता नियम केला. गावाला पाण्याच्या वाटा माहीत असतात आणि माणसांच्याही. पांदण कुठून जायची, गुरं कुठल्या धुऱ्यानं नदीवर जात, देवीला जायची वाट कोणती, हे सगळं मी त्याच वहीत टिपून ठेवत असे. ती टिपणं बऱ्याच वर्षांनी उपयोगी पडली. त्याबद्दल पुढे.

रस्त्यावरचं पाणी घालवायचं तर मधोमध उंची ठेवून दोन्ही बाजूंना दोन-तीन टक्के उतार द्यायचा. डोंगर कापून केलेल्या चढावर मात्र सगळा उतार आतल्या भिंतीकडे ठेवायचा, नाली भिंतीच्या पायथ्याशी. कारण गाडी घसरलीच तर ती भिंतीकडे घसरावी. हे ग्रेडर, म्हणजे पात्यानं रस्ता घासून सपाट करणारं यंत्र, चालवणाऱ्याच्या हातात असतं. आमच्याकडे राजुऱ्याकडचे एक जुने ऑपरेटर होते, तेलुगू आणि मराठी एकत्र बोलणारे. सगळे त्यांना काका म्हणत. ते ग्रेडर थांबवून खाली उतरत आणि आपल्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी नुकत्याच घासलेल्या रस्त्यावर ओतत. पाणी कुठे जातं ते पाहत, मान हलवत, आणि पुन्हा चढून पातं जरासं तिरकं करत. सर्व्हेचं यंत्र नंतर येई, बहुधा तेच सांगायला.

ग्रेडरनं घासलं की रस्त्याच्या काठाला मातीची लांब वरंबी राहते. ती उचलली नाही तर सगळी मेहनत वाया, कारण पाणी नालीत पडण्याऐवजी वरंबीला टेकून रस्त्यावरूनच खाली धावत जातं. बर्मचंही तसंच. सलग बांध गाडीला वाचवतो आणि पाण्याला कोंडतो. म्हणून ठरावीक अंतरावर त्यात तिरप्या फटी ठेवायच्या, चाक जाणार नाही इतक्या अरुंद. पण फटीतून सुटलेलं पाणी ढिगाच्या उतारावर कोसळतं आणि दोन पावसांत माणूस उभा राहील अशी घळ पाडतं. ती घळ वर सरकत सरकत रस्त्याच्या काठापर्यंत येते. म्हणून फटीखाली दगडांची घसरण बांधायची किंवा कापलेले अर्धे नळे टाकायचे, आणि पायथ्याशी दगडी भिंत. पाणी एका जागेवरून काढलं की दुसऱ्या जागेची जबाबदारी आपल्यावर आली, हे या कामात रोज समजतं.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीसच्या आसपास जातो. रस्त्यावरचा मुरूम पिठागत बारीक होतो, आणि पुढच्या डंपरच्या धुळीत मागचा डंपर आंधळा होतो. पाण्याचे टँकर दिवसभर फवारत फिरतात. पण चढावर सरसकट पाणी मारलं की वरचा पातळ थर निसरडा होतो आणि भरलेली गाडी उतरताना ब्रेकला जुमानत नाही. म्हणून चढावर पट्टे सोडून सोडून फवारायचं, ओल्या पट्ट्यानंतर कोरडा पट्टा. धुळीचा त्रास खाणीबाहेर जास्त होतो. सायडिंगकडे जाणारा रस्ता गावाच्या कडेनं जात असेल तर बोंडावर काळी पुटं बसतात, आणि कापसाचा भाव पडतो तो शेतकऱ्याचा. त्या रस्त्यावर टँकर फिरला की नाही हे नोंदवहीवरून कळत नाही. पहिल्या घराच्या तुळशीची पानं पाहावीत.

रोहिणी निघाली की आमची पावसाळ्याची घाई. मृगाच्या आधी नाल्या उपसायच्या, मोऱ्यांची तोंडं मोकळी करायची, सम्पवर पंप बसवायचे, पाइप जोडायचे. सम्प म्हणजे खाणीच्या सर्वांत खोल जागी पाणी साठवायचा खड्डा. हिशेब साधा आहे. शंभर हेक्टरच्या खाणीत एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर एक लाख घनमीटर पाणी, म्हणजे दहा कोटी लिटर. तासाला पाचशे घनमीटर उपसणारा पंप अखंड चालला तरी ते निघायला आठ दिवसांहून अधिक लागतात, आणि मधे पुन्हा पाऊस येतोच. म्हणून सर्वांत खालचा बेंच पावसाळ्यात पाण्याला सोडून द्यायचा आणि वरच्या बेंचवर काम करायचं. हे आधी ठरलेलं असेल तर वरच्या बेंचला जाणारा रस्ता आधी तयार असतो. नसेल तर शॉवेल खाली अडकतं. नदीकाठच्या खाणीला याशिवाय पुराचा धाक. खाणीत उतरायच्या प्रत्येक वाटेचं तोंड ज्ञात सर्वोच्च पूरपातळीच्या दीड मीटर वर हवं, असा जुना नियम आहे. जुलै २०२२ मध्ये वर्धा आणि इरईचं पाणी चढलं, चंद्रपूर-बल्लारपूर-राजुरा भागातले मोठे रस्ते बंद पडले, तेव्हा तो दीड मीटर कशासाठी हे सगळ्यांनीच पाहिलं.

उपसलेलं पाणी थेट नाल्यात सोडता येत नाही. ते काळं-पिवळं गढूळ असतं. सोडण्याच्या पाण्यात तरंगणारा गाळ लिटरमागे शंभर मिलिग्रॅमच्या आत हवा, असं खाणींसाठीचं मानक आहे. त्यासाठी निवळण्याचे हौद असतात, एकापुढे एक. त्यांत जमणाऱ्या गाळाचा मोठा वाटा रस्त्यांचा असतो, कारण चाकांनी दळलेला बारीक चुरा रस्त्यावर सगळ्यांत जास्त. नीट उताराच्या, कठीण दगडाच्या रस्त्याला चुरा कमी सुटतो. म्हणजे हौद उपसण्याचा खर्च कमी करायचा मार्ग हौदापासून दोन किलोमीटरवर, चढावर असतो.

आता मोडण्याकडे येतो. कोळसा मंत्रालयानं २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. उघड्या खाणीसाठी तेव्हाच्या किमतीनं हेक्टरी सहा लाख रुपये धरून दर वर्षी एस्क्रो खात्यात पैसे ठेवायचे आणि बंद करण्याचं काम शेवटावर न ढकलता खाण चालू असतानाच करत जायचं, असं त्यात होतं. हे फार चांगलं झालं. पण मी पाहिलेल्या आराखड्यांत ढिगावरची झाडं, कुंपण, उरलेल्या खड्ड्याचा तलाव यांना पानंच्या पानं होती, आणि रस्त्यांना एखादी ओळ. रस्ता आपोआप मिटेल असंच सगळ्यांनी धरलेलं.

तो मिटत नाही. शंभर टनांच्या गाड्यांनी वर्षानुवर्षं दाबलेली पट्टी इतकी घट्ट होते की पाऊस तिच्यात मुरत नाही आणि मूळ शिरत नाही. बंद पडलेल्या रस्त्यावर गवताची काडी नसते, आणि कडेला वेडी बाभूळ माजते. त्यावरून पाणी जोरात धावतं आणि खालच्या नव्या लागवडीत घुसतं. एका ढिगावर हजारो रोपं लावलेली, आणि जुन्या चढावरून आलेल्या पाण्यानं त्यांच्या मधोमध घळ पाडलेली, असं दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांना रस्ता मोडणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

मोडायचा क्रम बांधण्याच्या उलटा. आधी वरचा काळा थर, कोळसा आणि शेल, खरवडून खाणीत पुरायचा. बर्म आडवे पाडून पसरायचे. मोऱ्यांचे नळे काढायचे आणि नाला मूळच्या रुंदीनं उघडा करायचा. नळा जागेवर सोडला तर तो आज ना उद्या तुंबतो आणि भराव धरण होऊन फुटतो. मग डोझरच्या मागचा रिपर लावून रस्ता फाडायचा, आधी लांबीनं, मग तिरपा. हे मेमध्येच करायचं. चिकण मातीचा अंश ओला असताना रिपर घातला तर ती फुटत नाही, नुसती चिरली जाते आणि चिरेच्या कडा लिंपल्यासारख्या होतात. कोरड्यात ती ढेकळं होऊन फुटते. उतार असेल तर थोड्या थोड्या अंतरावर आडवे तिरपे बांध, म्हणजे पाणी धावायच्या आत बाजूला वळतं. त्यावर जपून ठेवलेली काळी माती. पाट्या ठोकल्या होत्या त्या ढिगांची किंमत त्या दिवशी कळते.

पेरणी मृगाच्या पहिल्या पावसावर. आधी स्टायलो आणि दीनानाथ गवत, माती धरायला. मग करंज, शिसव, कडुनिंब, बांबू. सुबाभूळ लवकर वाढते म्हणून अहवालातल्या फोटोंसाठी ती सगळ्यांना आवडते, पण तीच सगळीकडे पसरते. नागपूरच्या नीरी संस्थेनं चंद्रपूरजवळच्या पद्मापूर खाणीच्या ढिगावर जिवाणूखतं आणि मुळांशी राहणारी बुरशी वापरून झाडं जगवून दाखवली. त्यातून आम्हाला एवढं नक्की समजलं की ओबीत कमी पडतं ते मातीतलं जिवंतपण, आणि रोपाच्या खड्ड्यात मूठभर चांगली माती टाकली तरी फरक दिसतो. ओबी म्हणजे नुसतं ओझंच असंही नाही. नागपूर भागात वेस्टर्न कोलफील्ड्सनं (वेकोलि) ओबीतून वाळू काढून ती घरांच्या बांधकामाला दिली आहे. म्हणजे ढीग लहान करायचा मार्गही आहे.

एक प्रश्न मात्र यंत्रांनी सुटत नाही: कुठला रस्ता मोडायचा आणि कुठला ठेवायचा? एका खाणीचा बाह्य रस्ता आम्ही मोडायला घेतला तेव्हा गावकरी आडवे आले. खाणीनं त्यांची पांदण गिळली होती. पलीकडच्या शेतांत जायला बैलबंडीला हाच रस्ता उरला होता. आराखड्यात तो 'मोडणे' या रकान्यात. इथे माझी जुनी वही निघाली. पांदण कुठून जायची, नाला कुठून, ते तिच्यात होतं. शेवटी ठरलं असं: डंपरची वीस मीटरची रुंदी मोडायची, पांदणीएवढी पट्टी ठेवायची, नाल्याशी तिला फरसी घालायची, आणि जिथे भराव टाकून जागा तयार झाली तिथे तिला जुन्या वळणावर नेऊन सोडायची. गावानं त्यासाठी ठराव केला. आणखी एक गोष्ट गावानंच सांगितली: कडेची बाभूळ दोन्ही बाजूंनी साफ ठेवा. चंद्रपूरभोवती जुन्या ढिगांवरच्या झुडपांत वाघ-बिबट्यांचा वावर आहे, हे इथल्या माणसाला नवीन नाही. संध्याकाळी बंडी घेऊन येणाऱ्याला वाटेवरचं लांबवर दिसलं पाहिजे. आमच्या कागदांत 'हरित पट्टा' होता, वाघ नव्हता.

निवृत्तीनंतर नवे अभियंते कधी भेटतात, विचारतात. त्यांना माझं सांगणं एवढंच. नव्या रस्त्याचा नकाशा मंजुरीला जाईल तेव्हा त्याला एक जादा कागद जोडा. त्यावर चार गोष्टी लिहा: काढलेली काळी माती कुठे ठेवली, कोणता नाला कुठे वळवला आणि तो पुन्हा कसा उघडायचा, गावाची कोणती वाट या रस्त्याखाली गेली, आणि मोडायच्या वेळी यातलं काय ठेवायचं हे कोणत्या ग्रामसभेला विचारायचं. त्या कागदावर सिव्हिल, सर्व्हे आणि खाण व्यवस्थापक या तिघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. रस्ता दहा वर्षं टिकतो, अधिकारी तीन वर्षांत बदलतो. शेवटच्या वर्षी रस्ता मोडायला जो माणूस येईल, त्यानं पहिलं वर्ष पाहिलेलं नसेल. त्याला हा कागद लागेल, आणि त्याच्याहून जास्त तो त्या गावाला लागेल.